मॉरिशसचे ‘बेस्ट लूजर’: जखम मांडीला, मलम शेंडीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉरिशसच्या निवडणूक पद्धतीविषयी मराठीत जे काही छापून येते, त्यात ‘बेस्ट लूजर’चे, म्हणजे निवडणुकीनंतर पराभूत उमेदवारांतून समाजांच्या हिशेबाने भरायच्या जादा जागांचे, वर्णन हमखास ‘अल्पसंख्याकांसाठी आठ राखीव जागा’ असे असते. त्यापुढचे वाक्यही ठरलेले: ही जातीय तरतूद एकदा काढून टाकली की तिथले राजकारण निकोप होईल. पहिले वाक्य चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट. तिथे एकही जागा कुणासाठी राखीव नाही, स्वतंत्र मतदारयाद्या नाहीत, आणि या आठ जागांनी आजवर एकही सरकार बनवले वा पाडलेले नाही. खरे दुखणे या आठ जागांत नसून उरलेल्या ६२ जागा ज्या रीतीने निवडल्या जातात त्या रीतीत आहे. तिला हात न लावता आठ जागा तेवढ्या काढल्या, तर आज जे थोडेफार सावरले जाते तेही जाईल. हे का, ते जरा तपशिलात मांडावे म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी मतपत्रिका. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तीन प्रतिनिधी निवडले जातात. रॉड्रिग्ज बेट हा २१वा मतदारसंघ, तिथून दोन. एकूण ६२. पुण्या-नाशिकच्या वाचकांना महापालिकेचा चार सदस्यांचा प्रभाग चांगला माहीत आहे. पण आपल्याकडे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या, त्यांचे उमेदवार वेगळे आणि प्रत्येक जागेला एक मत. मॉरिशसमध्ये असे गट नाहीत. सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराने तीन फुल्या मारायच्या, आणि सर्वांत जास्त मते मिळवणारे पहिले तिघे विजयी. फुल्या तीनच हव्यात. दोन मारल्या तरी मतपत्रिका बाद, चार मारल्या तरी बाद. मतदाराला आपल्या भागातला एकच माणूस पसंत असला तरी उरलेल्या दोन फुल्या कुणाच्या तरी पदरात टाकाव्याच लागतात, आणि त्या बहुधा त्याच माणसाच्या पक्षातील जोडीदारांना जातात. पक्षही प्रचारात तेच सांगतात: तिघांनाही द्या.

याचा परिणाम एका मतदारसंघापुरता पाहू. समजा ४०,००० लोकांनी मतदान केले. २२,००० जणांनी एका आघाडीच्या तिघांना मते दिली, १८,००० जणांनी दुसरीच्या तिघांना. पहिल्या आघाडीच्या प्रत्येक उमेदवाराला २२,००० मते, दुसरीच्या प्रत्येकाला १८,०००. निकाल ३–०. शंभरातल्या ४५ मतदारांचा एकही प्रतिनिधी नाही. आपल्या एकसदस्यीय मतदारसंघातही हरणाऱ्याची मते वाया जातात, पण तिथे तीन लगतच्या मतदारसंघांत तीन वेगळे निकाल लागू शकतात. इथे ती शक्यता एकाच मतपत्रिकेने पुसून टाकलेली असते. देशभर एकाच दिशेने वारे वाहिले की मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा एकाच आघाडीला जातात. हे पुस्तकी भय नाही. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत नेमके हेच घडले. तिन्ही वेळा विजेत्यांची मते साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरातली होती, म्हणजे तिघांतला एक मतदार तरी त्यांच्या विरोधात होता.

आता या रचनेवर समाजांची विभागणी ठेवून पाहा. बहुसंख्य हिंदू (त्यांत भोजपुरी मुळाचे, तमिळ, तेलुगू, मराठी), मग मुस्लिम, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज क्रिओल, मूठभर पण साखर कारखानदारीवर पकड असलेले फ्रेंच वंशाचे, आणि व्यापारात स्थिरावलेले चिनी. खेड्यांतले मतदारसंघ मुख्यतः हिंदू, राजधानी पोर्ट लुईसमधले काही मुस्लिमबहुल, काही क्रिओलबहुल. चिनी समाज कुठल्याच मतदारसंघात बहुसंख्य नाही, आणि बेटभर पसरलेल्या मुस्लिमांचे पोर्ट लुईसबाहेरचे मतही तीन फुल्यांच्या गर्दीत विरून जाते. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत अब्दुल रझाक मोहमद यांच्या मुस्लिम पक्षाला हीच धास्ती होती, आणि ते तर स्वातंत्र्याच्या बाजूच्या आघाडीत होते. सिवूसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाला त्यांची गरज होती. १९६६ मध्ये ब्रिटिशांच्या बॅनवेल आयोगाने तीन सदस्यांचे २० मतदारसंघ सुचवले आणि त्यासोबत दुरुस्तीच्या जागांची एक गुंतागुंतीची योजना. ती योजना वादात सापडली, तेव्हा ब्रिटिश उपमंत्री जॉन स्टोनहाउस बेटावर आले आणि आठ ‘बेस्ट लूजर’ जागांवर तडजोड झाली. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. स्वातंत्र्यवाद्यांना ३९ आणि विरोधकांना २३ जागा मिळाल्या. दोघांना चार-चार ‘बेस्ट लूजर’ मिळून आकडा ४३ आणि २७ झाला. विरोधकांना तेव्हा सुमारे ४४ टक्के मते होती हे ध्यानात घ्यावे. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला, आणि त्याच्या जेमतेम दोन महिने आधी पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुस्लिम यांच्यात दंगल होऊन ब्रिटिश फौज बोलवावी लागली होती. ज्यांनी ही तडजोड केली त्यांना वेड्यात काढण्यापूर्वी तो काळ आठवावा.

‘बेस्ट लूजर’ची यंत्रणा राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहे. उमेदवारी अर्ज भरताना उमेदवाराने आपला समाज लिहायचा. पर्याय चार: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. चौथ्याची व्याख्या मोठी गमतीची आहे. ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो पहिल्या तिघांपैकी कुणात मोडतो असे दिसत नाही, तो चौथ्यात. म्हणजे दोन गट धर्माने ठरतात, एक पूर्वजांच्या देशाने आणि एक ‘बाकीचे’ म्हणून. क्रिओल मच्छीमार आणि फ्रेंच वंशाचा साखर कारखानदार, ज्यांच्या पूर्वजांत गुलाम आणि मालक असे नाते होते, ते कागदावर एकाच समाजाचे. उमेदवाराने लिहिलेला समाज चुकीचा वाटला तर कुणीही मतदार सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. एकच न्यायाधीश निर्णय देतो आणि त्यावर अपील नाही. न्यायाधीशाने जीवनपद्धती पाहायची, पण जेवण, पेहराव, नाव, देवघर, लग्नसंबंध यांपैकी काय पाहायचे हे परिशिष्ट सांगत नाही. आंतरधर्मीय विवाहातून जन्मलेल्याने काय लिहायचे तेही नाही.

मतमोजणी संपली की निवडणूक पर्यवेक्षण आयोग आठ जागांचा हिशेब मांडतो. पहिल्या चार जागांसाठी सूत्र असे: प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची आणि तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यांची संख्या अधिक एक, या आकड्याने भागायचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजाला जागा. ती जागा दिली की त्या समाजाचा भाजक एकाने वाढवायचा आणि पुन्हा भागायचे.

काल्पनिक सभागृह घेऊन हे करून पाहू. लोकसंख्या १९७२ च्या जनगणनेची, गोल आकड्यांत: हिंदू ४,२८,०००, मुस्लिम १,३७,०००, चिनी २४,००० आणि सर्वसाधारण २,३७,०००. समजा ६२ पैकी ३७ हिंदू, ७ मुस्लिम, १ चिनी आणि १७ सर्वसाधारण निवडून आले. भागाकार: हिंदू ४,२८,००० भागिले ३८, म्हणजे सुमारे ११,२६३. मुस्लिम १,३७,००० भागिले ८, म्हणजे १७,१२५. चिनी २४,००० भागिले २, म्हणजे १२,०००. सर्वसाधारण २,३७,००० भागिले १८, म्हणजे सुमारे १३,१६७. पहिली जागा मुस्लिमांची. आता त्यांचा भाजक ९, भागाकार १५,२२२, दुसरीही त्यांचीच. मग १०, भागाकार १३,७००. अजूनही सर्वसाधारणच्या वर, म्हणून तिसरीही. मग ११, भागाकार १२,४५५. आता सर्वसाधारणचा १३,१६७ मोठा, चौथी जागा तिकडे. चिनी समाजाचा एक सदस्य निवडून आलेला असल्याने त्याला काही नाही. तो एकही नसता तर त्याचा भागाकार २४,००० झाला असता आणि पहिली जागा त्याची असती. सूत्र आंधळे आहे, पण हिशेबाला चोख आहे. हिंदूंनाही ते नाकारत नाही. हिंदू सदस्य लोकसंख्येच्या मानाने कमी पडले तर जागा त्यांनाही मिळते. म्हणूनच याला राखीव जागा म्हणणे चूक.

समाज ठरला की त्या समाजाचा कोणता पराभूत उमेदवार घ्यायचा? ज्याला आपल्या मतदारसंघात झालेल्या वैध मतांपैकी सर्वाधिक टक्के मते मिळाली तो. आकडा नव्हे, टक्केवारी, कारण मतदारसंघ लहान-मोठे आहेत. बंदराजवळच्या तीन क्रमांकाच्या मतदारसंघाच्या मानाने दक्षिण-पश्चिमेच्या १४ क्रमांकाच्या मतदारसंघात जवळजवळ तिप्पट मतदार आहेत, आणि दोन्हींतून तीन-तीनच प्रतिनिधी जातात. (हा वेगळाच अन्याय आहे, आणि त्याविषयी फारसे कुणी बोलत नाही.) अपक्षाला बेस्ट लूजर होता येत नाही, उमेदवार पक्षाचा किंवा नोंदणीकृत आघाडीचाच हवा.

पहिल्या चार जागा पक्ष न पाहता जातात. त्यामुळे पक्षीय बलाबल बिघडू शकते, म्हणून पुढच्या चार जागा ते पूर्ववत करण्यासाठी. पहिल्या चारपैकी जितक्या जागा सर्वांत मोठ्या पक्षाबाहेर गेल्या, तितक्या त्या पक्षाच्या पराभूत उमेदवारांतून, पुन्हा समाजाचे सूत्र लावून भरायच्या. १९७६ मध्ये तीन पक्षांना ३०, २५ आणि ७ जागा होत्या. आठ ‘बेस्ट लूजर’नंतर ३४, २८ आणि ८ झाल्या. क्रम तोच राहिला. या आठ जागांनी सरकार ठरत नाही ते यामुळे. बेस्ट लूजर सदस्याची जागा मध्येच रिकामी झाली तरी पोटनिवडणूक होत नाही. त्याच पक्षाचा आणि योग्य समाजाचा पुढचा पराभूत उमेदवार आत येतो.

आता ६०–० झाल्यावर काय होते पाहा. विजयी आघाडीचे साठच्या साठ उमेदवार निवडून आलेले, म्हणजे तिच्याकडे पराभूत उमेदवार उरतच नाही. दुसऱ्या चार जागा द्यायच्या कुणाला? म्हणून अशा वेळी चारच ‘बेस्ट लूजर’ नेमले जातात आणि विरोधी पक्ष म्हणजे ते चार किंवा त्यांतले काही. मॉरिशसमध्ये विरोधी पक्षनेता हे घटनात्मक पद आहे; २०२४ नंतर ते पद बेस्ट लूजर म्हणून आत आलेल्या सदस्याकडे गेले. पराभूत सत्ताधारी आघाडीला त्या वेळी सुमारे २७ टक्के मते होती आणि तिच्या वाट्याला दोन जागा आल्या, त्याही मतांमुळे नाही, तर तिचे दोन पराभूत उमेदवार योग्य समाजाचे होते म्हणून.

१९९५ तर याहून बोलके आहे. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या पक्षाच्या आघाडीला पाचव्या हिश्श्याच्या आसपास मते मिळाली आणि सभागृहात एकही जागा नाही, ‘बेस्ट लूजर’देखील नाही. त्याच वेळी गाएतान दुवाल यांच्या छोट्या पक्षाला एक जागा, ‘हिजबुल्लाह’ नावाच्या त्याहून छोट्या पक्षाला एक आणि रॉड्रिग्जमधील पक्षाला दोन. यात आयोगाचे काही चुकले नाही. सूत्र समाज विचारते, पक्षाची एकूण मते विचारतच नाही. छोट्या पक्षाने एकाच मतदारसंघात जोर लावला आणि त्याच्या उमेदवाराला तिथे टक्केवारी चांगली मिळाली, तर देशभर मते विखुरलेल्या मोठ्या पक्षाच्या आधी त्याचा नंबर लागतो. समाजाचा तोल सावरण्यासाठी बनवलेल्या सूत्राकडून मतांचा तोल सावरण्याची अपेक्षा करणे हेच मुळात चूक. तो तोल ढळतो तीन फुल्यांमुळे, आणि चर्चा चालते आठ जागांची.

गोठलेली जनगणना हा दुसरा घोळ. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा रकाना काढला गेला आणि राज्यघटनेत दुरुस्ती होऊन १९७२ चे आकडे कायमचे बसवले गेले. हेतू उदात्त होता: राज्याने माणसांना समाजात मोजू नये. पण जनगणनेतून रकाना गेला आणि उमेदवारी अर्जावर राहिला. नागरिकाला विचारायचे नाही, उमेदवाराला सक्तीने विचारायचे, आणि त्याचे उत्तर पन्नासेक वर्षांपूर्वीच्या, सव्वाआठ लाख लोकसंख्येच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. आज लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. लेबनॉनने १९३२ नंतर जनगणनाच केली नाही आणि त्या आकड्यांवर सत्तेची वाटणी दशकानुदशके चालवली; त्या मानाने मॉरिशस शहाणा म्हणावा, पण वाट तीच. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवून बसलेल्या आपल्या देशाने यावर फार हसू नये.

या सक्तीविरुद्ध ‘रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव’ या डाव्या पक्षाचे लोक वर्षानुवर्षे न्यायालयांत भांडले. समाज लिहायला नकार, म्हणून अर्ज बाद. पुन्हा निवडणूक, पुन्हा बाद. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. २०१२ मध्ये समितीने निर्णय दिला की समाजवार ताजे आकडेच उपलब्ध नसताना उमेदवाराला समाज लिहायला लावणे मनमानीचे आहे आणि निवडणूक लढवण्याच्या हक्काचा त्यामुळे भंग होतो. समितीने ‘बेस्ट लूजर’ पद्धतच रद्द करा असे म्हटले नाही, हे आपल्याकडच्या लेखांत सहसा येत नाही. २०१४ मध्ये सरकारने एकाच निवडणुकीपुरता कायदा करून समाज लिहिणे ऐच्छिक केले. जो लिहिणार नाही त्याला ‘बेस्ट लूजर’ होता येणार नाही, एवढीच अट. २०१९ मध्ये तो कायदा उरला नव्हता आणि अर्ज पुन्हा बाद झाले. आज हाच पक्ष २०२४ च्या विजयी आघाडीत आहे आणि त्याचे नेते अशोक सुब्रोन मंत्री झाले.

‘बेस्ट लूजर’ गेले की जातीयता जाईल असे मानणाऱ्यांनी पक्षांच्या तिकीटवाटपाकडे बघावे. सूत्राला चार समाज कळतात; पक्षश्रेष्ठींना कितीतरी जास्त कळतात. कुठल्या मतदारसंघात तमिळ उमेदवार हवा, कुठे तेलुगू, कुठे मराठी, हिंदूंत वैश की रविवेद की राजपूत, हे ठरल्यावरच तिघांची यादी बाहेर पडते. तीन जागांची मतपत्रिका असल्याने हे वाटप सोपेही जाते: एक याचा, एक त्याचा, एक तिसऱ्याचा. मंत्रिमंडळातही तोच हिशेब. स्वातंत्र्यापासून पॉल बेरांजे (२००३ ते २००५) यांचा अपवाद सोडला तर पंतप्रधान हिंदूच झाले, आणि बेरांजे यांचे पद हे निवडणुकीआधीच ठरलेल्या वाटणीचा भाग होते. यातले काहीही राज्यघटनेत लिहिलेले नाही. पहिले परिशिष्ट उद्या फाडून टाकले तरी हे सारे चालूच राहील.

मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा इथेच आहे. कोकण आणि घाटावरून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही बेटाच्या पश्चिम आणि मध्य भागात आहेत, शाळांत मराठी शिकवले जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पण ‘बेस्ट लूजर’च्या सूत्रात मराठी नावाचा गट नाही. मराठी उमेदवाराने अर्जावर ‘हिंदू’ लिहायचे आणि त्याची गणना त्या मोठ्या आकड्यात. त्यामुळे तिथला मराठी आमदार मराठी म्हणून सूत्राच्या कृपेने आत येत नाही. पक्षाने तिकीट दिले आणि मतदारांनी तीनपैकी एक फुली त्याच्यापुढे मारली, तरच. म्हणून ‘बेस्ट लूजर गेले तर तिथल्या मराठी माणसाचे काय’ हा प्रश्न गैरलागू आहे. त्याचे भवितव्य तिकीटवाटपात ठरते, आज आणि उद्याही.

हिंदू म्हणून एकत्र मोजल्या जाणाऱ्या या गटांत सगळे गुण्यागोविंदाने चालते असेही नाही. १९९८ मध्ये मध्यवर्ती बँकेने नव्या नोटा काढल्या. जुन्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ आणि त्याखाली हिंदी असा क्रम होता. नव्यांवर हिंदी वर गेली, तमिळ खाली. तमिळ समाजात असा संताप उसळला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. आजही तिथल्या नोटांवरच्या चेहऱ्यांची यादी वाचली तर मंत्रिमंडळाची यादी वाचल्यासारखे वाटते: २५ वर चिनी समाजाचे आ-चुएन, १०० वर तमिळ सीनिवासेन, २०० वर मुस्लिम अब्दुल रझाक मोहमद, १००० वर क्रिओल दुवाल, २००० वर हिंदू सिवूसागर रामगुलाम. ओळींच्या क्रमावरून नोटा परत बोलावणाऱ्या देशात सभागृहातील प्रतिनिधित्वाची कळ किती जपून फिरवावी लागते, याची यावरून कल्पना यावी.

सुधारणेचे प्रस्ताव कमी नाहीत. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने २००२ मध्ये ६२ जागा तशाच ठेवून ३० जागा वाढवायला सांगितले, त्या पक्षांनी दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून पक्षांच्या मतांवरून भरायच्या. २०१८ मध्ये प्रविंद जगन्नाथ सरकारने ‘बेस्ट लूजर’ रद्द करून यादीच्या १२ जागा आणणारे विधेयक मांडले, पण घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश सदस्य लागतात आणि तेवढे जमेनात म्हणून ते बारगळले. ते बारगळले हे बरेच झाले असे आमचे मत आहे. कारण १२ हा आकडा. २०२४ च्या मतांवर ढोबळ हिशेब करा: १० टक्क्यांच्या वर दोनच आघाड्या, एक ६२ टक्क्यांच्या आसपास, दुसरी २७. यादीच्या १२ जागा मतांच्या प्रमाणात सरळ वाटल्या तर पराभूत आघाडीला चार. साठांपुढे चार. आजच्यापेक्षा दोन जास्त, इतकेच. ३० जागा तशाच वाटल्या तर नऊ. पण याच ३० जागा भरपाईच्या तत्त्वाने वाटल्या, म्हणजे आधी एकूण सभागृहात कुणाचा किती वाटा असायला हवा ते काढून, मतदारसंघांत कमी पडलेल्या पक्षाला आधी दिल्या, तर २७ च्या आसपास. म्हणजे यादीत जागा किती, यापेक्षा त्या सरळ वाटणार की भरपाई म्हणून, हा प्रश्न मोठा. सॅक्स आयोगाचा कल भरपाईकडे होता. मोठ्या पक्षांना तो का रुचला नाही हे सांगायला नको.

यादी नको असेल तर एक सोपा उपायही आहे आणि त्याची चर्चा होत नाही याचे नवल वाटते. तीन जागांसाठी मतदाराला दोनच फुल्या द्याव्यात. वरचे ४०,००० मतदारांचे उदाहरण घ्या. १८,००० वाल्यांनी दोनच उमेदवार उभे केले तर त्या प्रत्येकाला १८,०००. २२,००० वाल्यांकडे ४४,००० फुल्या. त्या तिघांत समान वाटल्या तर प्रत्येकी १४,६६६, आणि मग पदरात एकच जागा पडते. म्हणून तेही शहाणपणाने दोघांनाच उभे करतील आणि निकाल २–१ लागेल. मतदारसंघाच्या सीमा, मतपेट्या, मोजणीची रीत, काहीच बदलावे लागत नाही. तीन मतांची सक्ती मात्र पहिल्या परिशिष्टातच असल्याने घटनादुरुस्ती टळत नाही. तोटाही आहे: पक्षाला आपले मतदार शिस्तीने विभागावे लागतात, आणि तिकिटे तिनाची दोन झाली की ‘एक याचा, एक त्याचा’ करताना सर्वांत लहान समाजाचे नाव आधी गळेल. चिनी आणि, हो, मराठीही.

समाज लिहिणे ऐच्छिक करण्याविषयीही सावध राहायला हवे. ती सक्ती जायलाच हवी, यात दुमत नाही. पण ती ऐच्छिक करून भागाकाराचे सूत्र तसेच ठेवले आणि हिशेबाची दुसरी तजवीज केली नाही, तर काय होते? वरच्या काल्पनिक सभागृहातील ३७ हिंदू विजेत्यांपैकी १२ जणांनी समाज लिहिलाच नाही असे धरा. सूत्राच्या दृष्टीने हिंदू सदस्य २५ राहिले. भागाकार ४,२८,००० भागिले २६, म्हणजे सुमारे १६,४६२. पहिली जागा मुस्लिमांना (१७,१२५), दुसरी हिंदूंना, तिसरीही हिंदूंना (१५,८५२), आणि चौथीही, कारण २८ ने भागून १५,२८६ येतात आणि मुस्लिमांचा आकडा तोवर १५,२२२ वर उतरलेला असतो. ज्या समाजाचे सदस्य आधीच पुरेसे आहेत त्याला चारपैकी तीन. तत्त्वासाठी रकाना कोरा ठेवणाऱ्या बारा प्रामाणिक माणसांमुळे हे होईल, किंवा एखाद्या हुशार पक्षाने आपल्या हमखास निवडून येणाऱ्यांना रकाना कोरा ठेवायला सांगितल्यामुळे. सूत्राला कारण कळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. तीन फुल्यांची रीत बदलणे किंवा भरपाईच्या पुरेशा जागा आणणे आधी, किंवा निदान त्याच विधेयकात. समाजाचा रकाना आणि आठ जागा एकत्र त्यानंतर. आज तीन-चतुर्थांशाहून जास्त सदस्य एकाच आघाडीच्या तिकिटावर निवडून आलेले आहेत, ही संधी मॉरिशसला क्वचित मिळते. धोकाही तोच. ज्या रीतीने आपल्याला ६० पैकी ६० दिले ती रीत बदलायला फारसे कुणी उत्सुक नसते. आठ जागा रद्द करून पुरोगामी म्हणवून घेणे मात्र स्वस्त पडते. विधेयक येईल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी ‘बेस्ट लूजर रद्द’ एवढ्या मथळ्यावर न थांबता तीन कलमे शोधावीत: मतदाराला किती फुल्या मारायच्या आहेत, यादीच्या जागा सरळ वाटायच्या की भरपाई म्हणून, आणि तीन व १४ क्रमांकाच्या मतदारसंघांच्या सीमा बदलणार आहेत की नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक,
सातारा